दोन अक्षरं, वाफेवर

हलला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मेथडिस्ट चॅपलच्या मागच्या खोलीत
मंगळवारी इंग्रजीचा फुकट वर्ग.
मी शिकवत नाही, शिकतही नाही;
किटली माझ्याकडे, आणि बिस्किटांचा डबा.
शिकवतात कर्कबाई. आडनाव असं,
पण आवाज साईसारखा.

किटलीनं काच धुरकटली
तशी चिझुरूबाईंनी तिच्यावर बोटानं
दोन अक्षरं काढली, पोरीसारखी. वय एकोणसत्तर.
"बेन्क्यो," म्हणाल्या. "अभ्यास. आपण करतो ते."

गुओ वहीवर डोकं टेकून झोपला होता.
रात्रपाळी, कॉडचे काटे काढायचे, हातांना तोच वास.
त्यानं एक डोळा उघडला, अक्षरं वाचली
आणि खोकला येईस्तोवर हसला.
"आमच्यात हे म्येन-छ्यांग.
म्हणजे मन नाही, तरी करायचं.
ओढूनताणून. कसंबसं."
मग वहीकडे बघून:
"तेच की. आपण करतो ते."

दोघं काचेशी जाऊन उभे राहिले.
पहिल्या अक्षरात उजवीकडे बळ,
यावर एकमत.
दुसऱ्यात धनुष्य, आणि धनुष्याच्या आडोशाला
एक किडा. तांदळातला सोंडा म्हणे,
गुओच्या गावच्या मास्तरांनी सांगितलेला.
"पण तुमच्या किड्याच्या डोक्यावर नुसतं वळण,"
तो म्हणाला, "आमच्याला तोंड आहे,"
आणि वळण पुसून
तिथं एक चौकोन काढून दिला.

मला एकदम जबलपूर.
बाबांची बदली, दारूगोळ्याचा कारखाना,
मी सहा वर्षांची, अक्षरं नुकतीच जुळायला लागलेली.
फाटकावर निळ्या रंगात: प्राथमिक शिक्षा केंद्र.
मी फाटकाचा गज सोडेना.
काय केलं होतं मी? आणि ही जर प्राथमिक,
तर पुढची केवढी असेल?
बाबा हसले नाहीत. उकिडवे बसले, बुटांवर धूळ,
म्हणाले, इथं या शब्दाचा अर्थ दुसरा आहे.
मी आत गेले. पहिल्याच तासाला
माझ्या तोंडून 'ळ' निघाला, आणि अख्खा वर्ग हसला.
तेव्हा वाटलं,
अर्थ फार काही दुसरा नाही.

मोठेपणी कोशात पाहिलं. मूळ धातू शक्,
त्याला इच्छेचा प्रत्यय.
आपल्याला जमावं, असं वाटणं.
शब्दात एवढंच होतं.
छडी कुणी आणून ठेवली, ते कोशात नाही.

हे मी चहा ओतता ओतता सांगितलं.
कर्कबाई म्हणाल्या, "मग खरा अर्थ कुठला?"
रेडिएटर टकटकला. कुणी बोलेना.

"अजून एक आहे," चिझुरूबाई म्हणाल्या.
ओसाकात त्यांच्या वडिलांचं
चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान.
(चिनी हा शब्द माझा. त्यांनी नुसतं भांडी म्हटलं.)
गिऱ्हाईक घासाघीस करून दमलं
की वडील गल्ल्यावरून मान खाली घालून म्हणत,
बेन्क्यो करतो.
म्हणजे, बरं, थोडं कमी लावतो.
माझं जाऊ दे, तुम्ही घेऊन जा.

गुओनं ते वहीत लिहिलं.
त्या दिवसाचं तेवढंच.

पुढच्या मंगळवारी त्याची खुर्ची रिकामी.
पाळी बदलली, कुणीतरी म्हणालं.
काच झाडूवाल्यानं लख्ख पुसलेली.
मी किटली लावली.
वाफ चढली तसं आधी बळ दिसलं,
मग धनुष्य,
मग तो किडा, तोंडासकट.

चिझुरूबाई बघत होत्या.
मग उठून त्यांनी डब्यातली बिस्किटं
कागदी रुमालात गुंडाळली,
पर्समध्ये टाकली, चेन ओढली.
मी मोजून आणते. हिशोबात दोन कमी.
विचारलं नाही.